सहाशे वर्षांपूर्वीची हुंडी वाचायची असेल तर

फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो गावात फ्रान्चेस्को दातिनी नावाचा व्यापारी होऊन गेला. १३४८ च्या प्लेगात आईबाप गेले, पोरगा विशीच्या आत फ्रान्समधल्या आव्हिन्योंला पोचला, तिथे पैसा केला आणि १३८३ मध्ये गावी परतला. पिसा, जेनोआ, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, मायोर्का इथे त्याच्या भागीदाऱ्या होत्या. १४१० साली तो वारला, आणि जिन्याच्या पोकळीत पोत्यांत भरून ठेवलेलं त्याचं दप्तर १८७० मध्ये सापडलं. सुमारे दीड लाख पत्रं, पाचशेच्या वर हिशेबाच्या वह्या, आणि हजारोंनी हुंड्या, म्हणजे दुसऱ्या गावी अमक्याला पैसे द्यावे असं सांगणाऱ्या चिठ्ठ्या. त्यातलं बरंचसं आता घरबसल्या स्क्रीनवर बघता येतं.

माझी नोकरी फोर्टातल्या एका बँकेच्या परकीय चलन विभागात गेली. एक्स्पोर्ट बिलं तपासणं हाच धंदा. भाचा इतिहासात एम.ए. करतो, त्याने या दप्तरातल्या एका हुंडीचा फोटो पाठवला आणि विचारलं, ‘मावशी, यात व्याज कुठे लिहिलंय?’ कुठेच लिहिलेलं नाही. लिहायचं नाही म्हणूनच तर ती हुंडी तशी बनली. ते कसं शोधायचं, हे त्याला फोनवर सांगता सांगता जे जमलं ते इथे मांडते. इटालियन येत नसलं तरी चालेल. अशा हुंडीत पन्नास-साठ शब्द असतात आणि पुन्हा पुन्हा तेच असतात.

नमुना म्हणून अभ्यासकांच्या चांगल्या ओळखीची हुंडी घेऊ. ब्रुजहून, म्हणजे आजच्या बेल्जियममधून, बार्सिलोनावर काढलेली. मजकूर आपल्या पेढीच्या थाटात असा:

‘देवाच्या नावे, आमेन. १८ डिसेंबर १३९९. या पहिल्या चिठ्ठीवरून, रिवाजी मुदतीने, ब्रुनाच्चो दी ग्विदो आणि मंडळी यांस बार्सिलोनाचे ४७२ लीरा १० सोल्दी द्यावे. हे ४७२ लीरा १० सोल्दी म्हणजे ९०० स्कूदो, दर स्कूदोस १० सोल्दी ६ देनारी प्रमाणे, जे येथे रिक्कार्दो देल्यी आल्बेर्ती आणि मंडळी यांजकडून पावले. द्यावे आणि माझ्या खाती मांडावे. देव आपले रक्षण करो. ग्विल्येल्मो बार्बेरी, ब्रुजहून नमस्कार.’

आधी चार माणसं शोधा

वरून खाली वाचत जाऊ नका, गोंधळ होतो. कोऱ्या कागदावर दोन चौकोन काढा, डावीकडे ब्रुज, उजवीकडे बार्सिलोना. प्रत्येक चौकोनात दोन नावं बसली पाहिजेत.

खाली सही ज्याची, तो पैसे घेणारा. इथे बार्बेरी, ब्रुजमध्ये. ‘यांजकडून पावले’च्या आधी ज्याचं नाव, तो पैसे देणारा. आल्बेर्ती मंडळी, तीही ब्रुजमध्येच. ‘यांस द्यावे’ ज्याच्यापुढे आहे, त्याला दुसऱ्या गावी पैसे मिळायचे. ब्रुनाच्चो, बार्सिलोनात. चौथा माणूस, म्हणजे ज्याने द्यायचे तो, मजकुरात सापडणारच नाही. भाचा त्यालाच शोधत बसला होता. तो पाठीवर असतो. चिठ्ठी घडी घालून पाठवत, त्यामुळे ज्याच्यावर हुंडी काढली त्याचं नाव बाहेर, पत्त्याच्या जागी. इथे पाठीवर ‘फ्रान्चेस्को दी मार्को आणि मंडळी, बार्सिलोना’ असं आहे. हा आपला दातिनीच. तो स्वतः मात्र बार्सिलोनात नव्हता, तिथे त्याचे भागीदार पेढी बघत होते. म्हणून नियम असा की पाठीचा फोटो उघडल्याशिवाय हुंडी वाचली असं म्हणू नये.

आता बाण काढा. ब्रुजमध्ये आल्बेर्तीकडून बार्बेरीकडे ९०० स्कूदो गेले. बार्सिलोनात दातिनीच्या पेढीकडून ब्रुनाच्चोकडे ४७२ लीरा १० सोल्दी जातील. मधल्या रस्त्याने पैसा गेलाच नाही, फक्त कागद गेला. दोन गावांत दोन चलनं आणि मध्ये काही आठवडे. जो काही नफा आहे तो या तीन गोष्टींत आहे, चौथ्या जागी शोधू नका.

‘पहिली चिठ्ठी’ म्हणजे दुसरीही निघालेली असणार. वाटेत टपाल गहाळ होईल म्हणून एकाच हुंडीच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जासुदांबरोबर पाठवत. आपल्याकडे हुंडी हरवली तर पेठ आणि पेठही हरवली तर परपेठ देत, तीच गरज. आम्ही तपासत होतो त्या एक्स्पोर्ट बिलांवरही ‘फर्स्ट ऑफ एक्स्चेंज, सेकंड अनपेड’ (ही पहिली प्रत, दुसरीचे पैसे दिले नसतील तरच द्यावे) हे शब्द असायचेच, नसले तर बिल परत. दप्तरात एकाच तारखेच्या, एकाच रकमेच्या दोन चिठ्ठ्या दिसल्या की दोन व्यवहार मोजू नका.

मग हिशेब जुळवून बघा

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कामाचं. १ लीरा म्हणजे २० सोल्दी, १ सोल्दो म्हणजे १२ देनारी. ज्यांना १९५७ च्या आधीचे रुपये-आणे-पै आठवतात किंवा आजोबांच्या वहीत पाहिलेत त्यांना बाराचा हात बसलेला असतो, आण्याच्याही बारा पैच होत्या.

१० सोल्दी ६ देनारी म्हणजे साडेदहा सोल्दी. ९०० गुणिले साडेदहा, ९,४५० सोल्दी. भागिले २०, ४७२ आणि वर अर्धा लीरा. अर्धा लीरा म्हणजे १० सोल्दी. जुळलं. हिशेब जुळला म्हणजे तुम्ही आकडे बरोबर वाचलेत. नाही जुळला तर शंभरातल्या नव्वद वेळा दोष तुमच्या वाचनाचा असतो, त्या काळच्या कारकुनाचा नसतो. माझा एवढा विश्वास त्यांच्यावर आहे.

आकडे वाचताना एक सांगते. रक्कम पुष्कळदा रोमन अंकांत असते आणि ओळीतली शेवटची ‘आय’ लांब शेपटी काढून ‘जे’सारखी लिहिलेली असते. आपण चेकवर रकमेच्या मागे रेघ ओढतो, त्या जातीची सवय. अक्षर व्यापारी वळणाचं, एकमेकांत गुंतलेलं, पुस्तकी अक्षराशी त्याचा संबंध मोडीचा बाळबोधशी असतो तितकाच. हिंदुस्थानातून अरबांमार्फत गेलेले आपले अंक पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाच्चीने, १२०२ मध्ये लॅटिनमध्ये समजावून दिले होते. तरी फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने १२९९ मध्ये वहीत ते वापरायला बंदी घातली. दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी दिसतात, दचकू नका.

लीरा हे १३९९ साली हातात घेता येईल असं नाणं नव्हतं. ते हिशेबाचं माप. हातात यायचा तो फ्लॉरेन्सचा सोन्याचा फ्लोरिन, १२५२ पासूनचा, साधारण साडेतीन ग्रॅमचा, आणि व्हेनिसचा डुकाट, १२८४ पासूनचा, जवळजवळ त्याच वजनाचा. सोनं तेवढंच राहिलं आणि चांदीची चिल्लर हलकी होत गेली. १२५२ मध्ये २० सोल्दींना मिळणारा फ्लोरिन १५०० च्या सुमारास १४० सोल्दींना झाला. म्हणून नुसतं ‘१०० लीरा’ वाचून काही कळत नाही. कुठल्या गावचे आणि कुठल्या सालचे ते बघायचं.

डुकाट तुम्ही पाहिलेला असण्याची शक्यता आहे. गुडघे टेकून बसलेला व्हेनिसचा प्रमुख, त्याच्यासमोर उभा संत मार्क, दोघांच्या मध्ये निशाणाची काठी, आणि मागच्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोलात ख्रिस्त. मिरी-मसाल्यांच्या व्यापारात ही नाणी हिंदुस्थानात येत राहिली, इथे तिला पुतळी म्हणू लागले, आणि इथल्या सोनारांनी तिच्या नकला पाडल्या. आजीच्या पुतळ्यांच्या माळेतली एखादी भिंगाखाली धरा. काठी आणि दोन माणसं अजून ओळखू येतात, अक्षरांचे मात्र नुसते ठिपके झालेले असतात.

तारखेवर विश्वास ठेवू नका

याच हुंडीवर वेगळ्या हातचं अक्षर आहे: ‘सकारली, १२ जानेवारी १३९९.’ सकारली, म्हणजे पैसे द्यायला कबूल केलं. म्हणजे काढली डिसेंबर १३९९ मध्ये आणि सकारली तिच्या अकरा महिने आधी? तसं नाही. फ्लॉरेन्सचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, आणि दातिनीची बार्सिलोनाची पेढीही तसंच मोजायची. जानेवारी त्यांच्या लेखी अजून १३९९ चाच. आपल्या हिशेबाने ती तारीख १२ जानेवारी १४००. व्हेनिसचं वर्ष १ मार्चला सुरू व्हायचं. पिसाचंही २५ मार्चलाच, पण फ्लॉरेन्सच्या एक वर्ष पुढे. तेव्हा जानेवारी ते २४ मार्चमधली कुठलीही तारीख दिसली की आधी लिहिणारा कुठला ते विचारा, मग वर्ष लिहा.

सुधारलेल्या तारखा घेतल्या की हुंडीला ब्रुजहून बार्सिलोनाला पोचून सकारायला २५ दिवस लागले असं निघतं. हिवाळ्यात, आख्खा फ्रान्स ओलांडून. वाईट नाही.

रिवाजी मुदत

‘उझान्झा’ म्हणजे त्या दोन गावांमध्ये चालत आलेली मुदत. किती दिवस ते हुंडीत लिहीत नाहीत, कारण दोन्हीकडच्यांना ते पाठ. व्हेनिस ते लंडन तीन महिने, व्हेनिस ते ब्रुज दोन महिने, अशी कोष्टकं तेव्हाच्या व्यापारी हस्तपुस्तकांत सापडतात. फ्लॉरेन्सच्या बार्दी पेढीत नोकरी करणाऱ्या पेगोलोत्तीने १३४० च्या आसपास असं एक लिहून ठेवलं, उझ्झानोचं १४४२ चं आहे. काही जोड्यांमध्ये मुदत लिहिल्या तारखेपासून मोजतात, काहींत दाखवल्यापासून. बँकेत आम्ही ‘युझन्स बिल’ म्हणायचो तो शब्द इथूनच आलेला. कोष्टक शेजारी न ठेवता मुदत अंदाजाने धरणं म्हणजे पुढचा सगळा हिशेब पाण्यात.

आता व्याज

चर्चचं म्हणणं साधं होतं. कर्ज दिलं तेवढंच परत घ्यायचं, ठरवून वर काही घेतलं तर ते पाप. पण एका गावचं चलन देऊन दुसऱ्या गावचं घेणं हे कर्ज नव्हे, विनिमय आहे, आणि त्यात भाव फिरण्याची जोखीम आहे. या फटीतून दोनशे वर्षांची बँकिंग गेली. फ्लॉरेन्सच्या मेदिचींची पेढीही, १३९७ पासून १४९४ पर्यंत, बऱ्याच अंशी यावरच जगली.

एका हुंडीत व्याज सापडणार नाही. जोडी लागते, जाणारी आणि परतीची. आकडे त्या काळच्या भावांत बसतील असे धरते. व्हेनिसमध्ये तुम्ही ५०० डुकाट दिले, भाव एका डुकाटला ४७ इंग्रजी पेन्स. तीन महिन्यांनी लंडनमध्ये तुमच्या आडत्याला २३,५०० पेन्स मिळाले, म्हणजे ९७ पाउंड १८ शिलिंग ४ पेन्स. त्याने ते लगेच व्हेनिसवरच्या दुसऱ्या हुंडीत घातले. लंडनचा भाव ४४ पेन्स. २३,५०० भागिले ४४, झाले ५३४ डुकाट आणि किंचित वर. आणखी तीन महिन्यांनी ते व्हेनिसला तुमच्या हातात. सहा महिन्यांत ५०० वर ३४, म्हणजे वर्षाला साडेतेरा टक्क्यांच्या पुढे. कुठेही ‘व्याज’ हा शब्द नाही. धर्मगुरूने वही उघडून बघितली तरी दोन स्वच्छ विनिमय दिसतील.

भाव ४७ आणि ४४ असे वेगळे का? इथे सगळे अडखळतात, म्हणून सावकाश वाचा. व्हेनिसमध्ये डुकाट आज द्यायचा आहे आणि पेन्स तीन महिन्यांनी मिळणार आहेत. आजचा डुकाट जास्त मोलाचा, म्हणून त्याला जास्त पेन्स: ४७. लंडनमध्ये उलट. तिथे पेन्स आज द्यायचे आणि डुकाट नंतर मिळणार. नंतरच्या डुकाटासाठी कोण जास्त पेन्स देईल? म्हणून ४४. व्याज या तीन पेन्सांच्या दरीत लपलेलं आहे. डुकाटाचा भाव पेन्समध्ये बोलला जातो तोवर व्हेनिसचा आकडा लंडनपेक्षा वर राहायला हवा, नाहीतर कुणी पैसे देणारच नाही.

पण जोखीम खोटी नव्हती. तुमचा कागद रस्त्यात असताना लंडनचा भाव ४८ झाला तर? २३,५०० भागिले ४८, सुमारे ४८९ डुकाट. दहा-अकरा डुकाट बुडाले. हे होत असे, म्हणूनच चर्चच्या पंडितांना हा धंदा चालवून घ्यायला कारण मिळालं.

मग लोकांनी जोखीमही काढून टाकली. परतीचा भाव आधीच ठरवायचा, लंडनला कागद पाठवायचा तो नावापुरता, किंवा पाठवायचाच नाही. याला कोरडा विनिमय म्हणत. १५७१ मध्ये पोप पाचवे पायस यांनी तो निषिद्ध ठरवला. दप्तरात जोडी बघताना दोन्ही हुंड्यांवर तीच माणसं, तीच रक्कम आणि दुसऱ्या गावी प्रत्यक्ष पैसे दिल्याची नोंद कुठेच नाही, असं आढळलं तर समजा की तुमच्यासमोर कर्ज आहे आणि त्याने विनिमयाचं सोंग घेतलंय. मला विचाराल तर पोपपेक्षा सोंग घेणारे जास्त प्रामाणिक वाटतात. पैशाला वेळेची किंमत असते हे त्यांनी निदान नाकारलं नव्हतं.

महिना बघा

ज्याला हे एक काम टाळायचं आहे त्याने टाळावं, पण मजा इथे आहे. व्हेनिसची गलबतं उन्हाळ्यात लेव्हांटकडे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडे, निघायची, बरोबर रोख चांदी-सोनं न्यायची. त्या आठवड्यांत बाजारात पैशाची टंचाई, भाव चढे. गलबतं गेली की सैल. हस्तपुस्तकांत गावागावांचे टंचाईचे महिने लिहून ठेवलेले आहेत. आमच्याकडेही नोव्हेंबर ते एप्रिल बिझी सीझन आणि पुढे स्लॅक सीझन होता, कापूस आणि ऊस बाजारात यायचे तेव्हा बँकांकडे पैसा ओढला जायचा. हुंडीचा भाव विचित्र वाटला तर त्या महिन्यात त्या गावातून काय निघत होतं ते बघा. भाव लगेच शहाण्यासारखा दिसू लागतो.

हुंडी परत आली तर

ज्याच्यावर काढली त्याने सकारली नाही, तर ज्याला पैसे मिळायचे त्याने नोटरीकडे जाऊन निषेधपत्र करायचं आणि पैसे परतीच्या भावाने देणाऱ्याच्या गावी वसूल करायचे, खर्चासकट. नोटिंग आणि प्रोटेस्ट, म्हणजे नकाराची नोंद आणि हे निषेधपत्र, आपल्या १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये अजून आहेत. निषेधपत्रात हुंडी शब्दशः उतरवलेली असते, तेव्हा मूळ हुंडी फाटली असेल तर नोटरीच्या दप्तरात जा.

मागे सह्या करून हुंडी हातोहात फिरवणं सर्रास सुरू झालं ते सोळाव्या-सतराव्या शतकात. १४०० च्या हुंडीत ते शोधू नका.

शेवटी वही

‘पोनेते आ मिओ कोन्तो’, माझ्या खाती मांडा. या तीन-चार शब्दांनी हुंडी संपते आणि खरं वाचन सुरू होतं. बार्सिलोनाच्या पेढीने ४७२ लीरा १० सोल्दी दिले ते बार्बेरीच्या खाती नावे टाकले. तर त्याच्या खात्यात आधी जमा काय होतं? माल पाठवला होता, की दुसरी हुंडी? वहीत नाव शोधून मागची दोन-चार पानं वाचा, बहुतेक उत्तर मिळतं.

दुसऱ्या गावच्या आडत्याकडे आपला पैसा, ते खातं ‘आमचं’. त्याचा आपल्याकडे, ते ‘तुमचं’. नोस्त्रो आणि वोस्त्रो. आमच्या विभागात हेच शब्द दिवसाला शंभरदा बोलले जायचे, कुणाला ते इटालियन आहेत हे माहीत असण्याची गरज नव्हती. या ‘आमच्या’ खात्यांची पानं लगेच ओळखू येतात, कारण रकमेचे रकाने दोन असतात, एक परक्या चलनाचा आणि एक घरच्या. आमच्या नोस्त्रो मिरर रजिस्टरमध्येही डॉलरचा रकाना आणि रुपयाचा रकाना असेच शेजारी होते. परक्या चलनाचा रकाना दोन्ही बाजूंनी जुळतो आणि घरच्या चलनाचा जुळत नाही, असं झालं की उरलेला आकडा म्हणजे विनिमयावरचा नफा किंवा तोटा. इथे भाच्याचं उत्तर मिळतं. व्याज हुंडीवर नव्हतं, ते या उरलेल्या आकड्यात होतं.

राहिला नेहमीचा प्रश्न, आजच्या रुपयांत किती? दातिनीने गरिबांसाठी मागे ठेवलेली इस्टेट सुमारे ७०,००० फ्लोरिनची. सोन्याच्या वजनाने गुणलं तर सव्वादोनशे-अडीचशे किलो सोनं होतं, आणि त्याला आजचा भाव लावला की छापायला छान आकडा मिळतो. तो लावू नका. सोन्याची तेव्हाची आणि आताची जागा एक नाही. त्यापेक्षा त्याच गावातली, त्याच वर्षातली मजुरी शोधा आणि किती दिवसांच्या कामाची ती रक्कम होते ते काढा. दातिनीने प्रातोत वाडा बांधला तेव्हा गवंड्यांना काय दिलं, विटांना काय दिलं, हे सगळं मांडलेलं आहे. त्या वह्या याच दप्तरात आहेत, हुंड्यांपासून फार लांब नाहीत.